मामाचं पत्र : पडद्याआधी रेणू

पनवेल

प्रिय भाचीस,

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पारदर्शक, वीज वाचवणारा पडदा हा विषय घेतलास, छान केलंस. मामाचं म्हणणं एवढंच, की सुरुवात पडद्यापासून नको, ॲनिलिनपासून कर.

बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये ॲनिलिनचं डायझोटायझेशन करून त्यात बीटा-नॅफ्थॉल घातलं की केशरी-लाल साका बसतो, हे प्रॅक्टिकल बी.एस्सी.ला झालेलं आहेच. त्या रंगात दुहेरी बंधाने जोडलेले दोन नायट्रोजन असतात. पडद्यासाठी लागणाऱ्या ॲझोबेन्झीनमध्येही तीच जोडी असते. ॲनिलिन तर पनवेलच्या शेजारचंच: 1960 साली स्थापन झालेली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे इथल्या लोकांची 'एचओसी', रसायनीला ते बनवत असे. 2017 मध्ये केंद्राने तिथले बहुतेक विभाग बंद करायचं ठरवलं. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा तेवढा इस्रोकडे सोपवला.

आता हे ॲझोबेन्झीन ज्यात मिसळायचं, ते द्रवस्फटिक. 1888 मध्ये प्रागला फ्रीडरिश रायनित्झर गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवत होता. तो 145.5 अंश सेल्सियसला वितळला, पण गढूळ. नितळ झाला तो 178.5 अंशांना. त्या मधल्या अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, तरी रांग सोडत नाहीत.

या रांगेत ॲझोबेन्झीन घुसवलं, की अतिनील प्रकाशात त्याचा काडीसारखा रेणू कोपरातून वाकतो आणि शेजाऱ्यांची रांग विस्कटते. निळा प्रकाश पडला की तो पुन्हा सरळ. मांडणी जशी असेल तशी काच नितळ किंवा धूसर होते.

वीज वाचते ती इथे. नेहमीच्या एलसीडीत मागच्या दिव्याचा निम्म्याहून अधिक प्रकाश ध्रुवकच खातो, उरलेल्यातला बराचसा रंगगाळण्या. प्रकाश विखुरणाऱ्या काचेला ध्रुवक लागत नाही, मागचा दिवाही नाही.

पण हिशेब पुरता मांड. अतिनील दिव्यालाही वीज लागते. शिवाय वाकलेला रेणू अंधारात आपोआप सरळ होतो. साध्या ॲझोबेन्झीनला खोलीच्या तापमानाला काही दिवस लागतात, म्हणजे चित्र हळूहळू पुसलं जाणारच. प्रॅक्टिकलमधल्या केशरी रंगाचा रेणू तर वाकलेला मुळीच राहत नाही, कारण नायट्रोजनच्या शेजारी ओएच बसलाय. तो नेमकं काय करतो, हे आधी शोध.

नोंदवहीतला पहिला तक्ता रेणू परत सरळ व्हायला लागणाऱ्या वेळेचा असू दे. आणि अतिनील दिव्यापाशी संरक्षक चष्म्याशिवाय बसू नकोस.

तुझा,
मामा