बग्गीचे इंजिन बदलताना

प्रश्न : शेतातल्या रेताड जमिनीसाठी घरीच बग्गी बांधली आहे. मोटारसायकलचे इंजिन चढावर दमते, रिव्हर्सही नाही. मारुती ८०० चे इंजिन बसवून मागची चेन तशीच ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची अडचण सुटण्यासारखी आहे, मात्र इंजिन मोठे केले की झाले, हा समज सोडा. चाकाची ओढ गिअरच्या गुणोत्तरावरही तितकीच अवलंबून असते, आणि ७९६ सीसीच्या इंजिनाचा जोर ती चेन फार काळ पेलणार नाही. मारुतीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र जोडलेले असतात. ते अखंडच मागे बसवा, रिव्हर्स आपोआप मिळेल. तोंड मूळ दिशेलाच ठेवा. उलटे बसवल्यास पुढचे गिअर गाडी मागे नेतील. वजन वाढेल हा आक्षेप रास्त आहे, म्हणून स्प्रिंग, ब्रेक आणि चासीचे वेल्डिंग आधी मजबूत करा, रेडिएटरला वारा मिळेल असे पाहा. एवढा खर्च नको असेल, तर मागचे स्प्रॉकेट मोठे करा : वेग घटेल, ओढ वाढेल; रिव्हर्स मात्र मिळणार नाही. नोंदणीशिवाय ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. रोलकेज आणि सीटबेल्ट लावून स्वतःच्या रानातच निर्धास्त चालवा.