वाराणसीचा महापौर : मान आणि अधिकार

काशीचा कोतवाल कोण, असे बनारसमध्ये कुणालाही विचारले तर उत्तर एकच मिळते : कालभैरव. महापौर कोण, या प्रश्नाला इतके झटपट उत्तर मिळेलच असे नाही. याचा दोष नागरिकांच्या उदासीनतेला देणे सोपे आहे. परंतु ज्या कायद्यांनी हे पद घडविले ते पाहिले म्हणजे कारण वेगळे असल्याचे दिसून येते.

बनारसला नगरपालिका मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. प्रारंभी तिचा कारभार जिल्ह्याच्या इंग्रज अधिकाऱ्याच्याच तंत्राने चाले. १९१६ च्या कायद्यानंतर बिनसरकारी अध्यक्षांचा काळ आला. पुढे भारतरत्न झालेले डॉ. भगवानदास हे १९२३ ते १९२५ या काळात या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. तत्त्वचिंतकाने गटारे आणि दिवाबत्ती यांचा हिशेब पाहावा, ही गोष्ट त्या काळी कुणाला विपरीत वाटली नाही.

१९५९ मध्ये उत्तर प्रदेशाने कानपूर, अलाहाबाद, वाराणसी, आग्रा आणि लखनौ या पाच नगरांसाठी महापालिकेचा कायदा केला. महापौराला त्यात ‘नगरप्रमुख’ म्हटले होते आणि त्याची निवड लोकांनी नव्हे, तर सभासदांनी करावयाची होती. कारभाराची सूत्रे राज्य सरकारने नेमलेल्या ‘मुख्य नगर अधिकाऱ्या’च्या हाती राहिली. महाराष्ट्रातील वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटू नये. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने घालून दिलेली वाट हीच : सभेने ठराव करावेत, आयुक्ताने ते अमलात आणावेत. वाराणसीत तर १९७० आणि १९८० च्या दशकांत बराच काळ सभाच नव्हती. प्रशासकच सर्वेसर्वा होता. त्याच काळात महापालिकेची कामेही एकेक करून दुसरीकडे गेली. १९७४ मध्ये वाराणसी विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि नगररचना त्याच्याकडे गेली. १९७५ च्या कायद्याने जलनिगम व जलसंस्थान निर्माण होऊन पाणी आणि मलनिःसारण हे विषयही महापालिकेच्या हातून सुटले.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे चित्र पालटेल, अशी अपेक्षा होती. ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. योगायोग असा की, त्याच वर्षी २५ मार्चला इटलीनेही महापौराची थेट निवडणूक करणारा कायदा संमत केला. दोन्ही देशांत तोवर महापौर सभेतून निवडला जाई. पुढील वाटा मात्र निराळ्या झाल्या. इटलीच्या मतदारांनी निवडलेला महापौर आपले मंत्रिमंडळ स्वतः नेमतो. सभेने त्याच्यावर अविश्वास दाखविला तर महापौराबरोबर सभाही बरखास्त होते. साहजिकच सभा असे पाऊल विचारपूर्वक टाकते. व्हेनिस हेही वाराणसीप्रमाणे पाण्याच्या काठाने जगणारे प्राचीन नगर. तेथे डिसेंबर १९९३ मध्ये मास्सिमो काच्चारी हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक लोकांच्या मतांनी महापौर झाले. नगरीचा कारभार चालविण्याची जबाबदारी आणि तो चालविण्याचे अधिकार त्यांना एकाच वेळी मिळाले.

आपल्या घटनादुरुस्तीने महापौर कसा निवडावा हे राज्यांवर सोपविले. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय दिले, पण ते नगरांना द्यावेत की न द्यावेत हेही राज्यांवरच सोडले. उत्तर प्रदेशाने थेट निवडणूक स्वीकारली. १९९५ मध्ये सरोज सिंह या वाराणसीच्या महापौर झाल्या. कार्यकारी समितीचे अध्यक्षपद महापौराकडे आले. मुख्य नगर अधिकारी आता ‘नगर आयुक्त’ म्हणविला जाऊ लागला, पण अंमलबजावणीचा अधिकार त्याच्याचकडे राहिला आणि त्याची नेमणूक व बदली राज्य सरकारच्या हाती. लाखो मतांचा धनी असलेला महापौर त्याला आपल्या अखत्यारीत बदलू शकत नाही.

याचा अर्थ काय होतो, हे सांडपाण्याच्या वादाने स्पष्ट केले. १९८६ मध्ये गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीतच झाला. तिच्या आखणीत घाटांजवळ पंप बसवून सांडपाणी वर उचलावयाचे आणि शुद्धीकरण केंद्राकडे न्यावयाचे होते. पण वीज गेली की पंप थांबत आणि मैला थेट गंगेत जाई. पावसाळ्यात नदी फुगली की पंप बंदच ठेवावे लागत. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयातील जलशास्त्राचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले होते. त्यांनी पर्याय सुचविला. सांडपाणी घाटाकडेनेच उताराने वाहत न्यावे आणि शहराच्या खालच्या अंगाला सोता येथे तळ्यांत ते सूर्यप्रकाश व शेवाळ यांच्या साह्याने शुद्ध करावे. त्यात विजेवरचा भार कमी होता.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महापालिकेने या योजनेच्या बाजूने कौल दिला. नव्याने मिळालेल्या घटनात्मक स्थानाचा आधार घेऊन निर्णय करण्याचा हा प्रयत्न होता. परंतु जलनिगमाची योजना वेगळी होती. राज्य सरकार आणि तज्ज्ञ मंडळे तिच्या बाजूने होती. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. कोणती योजना तांत्रिकदृष्ट्या सरस होती, यावर आजही मतभेद संभवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते महत्त्वाचा प्रश्न दुसराच होता : ज्या नगराने केंद्रे चालवावयाची आणि विजेची बिले भरावयाची, त्याच्या सभेला केंद्रांची निवड करण्याचा अधिकार असावा की नाही? उत्तर व्यवहारात नकारार्थीच मिळाले. सोत्याच्या तळ्यांची पूर्ण योजना उभी राहिली नाही. केंद्राच्या आणि राज्याच्या यंत्रणांनीच पुढची केंद्रे बांधली. दीनापूरच्या, दररोज १४ कोटी लिटर क्षमतेच्या नव्या केंद्राचे उद्घाटन २०१८ मध्ये झाले.

दरम्यान निवडणुका होत राहिल्या आणि नगरही वाढले. गंगेच्या पूर्व तीरावरील रामनगर महापालिकेत आले. मे २०२३ च्या निवडणुकीत ९० ऐवजी १०० प्रभागांतून नगरसेवक निवडले गेले आणि अशोक तिवारी महापौर झाले. ज्या नदीवरून वाद झाला तिचे दोन्ही काठ आता एका महापौराच्या हद्दीत आहेत.