पांढरी कोठे वाढवावी? : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

पाठाचा हेतू

मराठी मुलखातील गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले जातात. जिच्यात पीक घ्यावयाचे ती ‘काळी’ व जिच्यावर घरे बांधावयाची ती ‘पांढरी’. कुटुंबे वाढतात, भावाभावांच्या वाटण्या होतात, रोजगारासाठी बाहेरून माणसे येतात; परंतु गावाचे शिवार मात्र वाढत नाही. म्हणून नवे घर कोठे बांधू द्यावे, हा प्रश्न प्रत्येक गावापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. आज पाचवी ते सातवीच्या वर्गांत बसलेली मुलेच उद्या ग्रामसभेत बसून तो सोडविणार आहेत. असा वाद पुराव्याने व एकमेकांचे ऐकून घेऊन कसा करावा, हे त्यांस शिकविणे हा या पाठाचा हेतू होय.

पाठाची भूमी : येडशी

येडशी हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव या पाठास फार सोयीचे आहे. जवळच रामलिंग घाटाचे अरण्य असून १९९७ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर आहे. त्या सीमेच्या आत वस्ती वाढविता येत नाही. १९११ साली लातूरपर्यंत पोचलेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट येडशीवरून जात असे. पुढे ती रुंदमापी झाली. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता येथेच भेटतात. एकीकडे वन, दुसरीकडे वाहतुकीचे मार्ग आणि उरलेली पिकाची जमीन, अशी ही मांडणी आहे. शिक्षकांनी फळ्यावर शिवाराचा ठोकळ नकाशा काढून हे सर्व मुलांकडूनच भरून घ्यावे.

त्यानंतर ‘नवी शंभर घरे कोठे बसवावी?’ असा प्रश्न टाकावा. बहुतेक मुले प्रथम महामार्गाकडे बोट दाखवितील. तेथे दुकान चालते हे खरे. पण शाळेत जाणाऱ्या लहान मुलाने रस्ता कसा ओलांडावा, याचाही विचार त्यांच्याकडून करवून घ्यावा. काही मुले गायरान सुचवितील. गायरान मोकळे दिसले तरी ते कोणाचेही नाही असे नसून सर्वांचे आहे. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राज्यांस दिला. मात्र शासनाने भूमिहीनांस रीतसर दिलेल्या जागांसारखे अपवाद त्याने मान्य केले. काही मुले जुन्या गावठाणातील पडक्या वाड्यांची आठवण देतील. तेथे पाणी व रस्ता आयता मिळतो, परंतु एका वाड्याचे अनेक वारस असतात व त्या सर्वांची संमती मिळविणे सोपे नसते. याप्रमाणे प्रत्येक जागेचे गुण व अडचणी दोन रकान्यांत लिहून घ्याव्यात.

किल्लारीचा धडा

या प्रश्नाची खरी कसोटी धाराशिव व लातूर या दोन जिल्ह्यांनी पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते व माणसे गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर कोसळून सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. किल्लारी, सास्तूर यांसारखी गावे उद्ध्वस्त झाली.

मग प्रश्न आला तो हाच : नवी पांढरी कोठे? ढिगाऱ्याखाली आप्त गेलेल्या अनेकांस जुन्या जागी पुन्हा राहणे नको होते. उलट, नवी जागा शेतापासून, विहिरीपासून व देवळापासून किती दूर पडेल, ही चिंताही होती. अखेर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर बहुसंख्य गावांत आहे त्याच ठिकाणी घरांची पुनर्बांधणी अथवा दुरुस्ती व बळकटी करण्यात आली.

नव्या गावांतील घरांचा आकार जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांस २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४०० आणि त्यावरील धारकांस ७५० चौरस फूट, असे ते प्रमाण होते. घरे भूकंपास टिकतील अशी झाली व रस्ते रुंद झाले. परंतु अनेक गावांत सारख्या आकाराची घरे एका ओळीत आल्याने जुना शेजार विखुरला, आणि गुरे व धान्य ठेवण्याचे अंगण हरवल्याची खंत लोकांनी बोलून दाखविली. वस्ती ऐसपैस झाल्याने पिकाची जमीनही अधिक खर्ची पडली. केवळ भिंती सुरक्षित झाल्याने गाव पुरे होत नाही, हे या अनुभवाने दाखविले. तथापि भिंती सुरक्षित नसतील तर बाकी सर्व व्यर्थ, हेही त्याच रात्रीने शिकविले आहे. या दोन्ही गोष्टी मुलांपुढे सारख्याच आग्रहाने ठेवाव्यात.

प्रात्यक्षिक

शाळेच्या पटांगणात फक्कीने तीन आकृती आखाव्यात : १० फूट × २५ फूट, २० फूट × २० फूट व २५ फूट × ३० फूट. प्रत्येक आकृतीत सहा मुलांचे ‘कुटुंब’ बसवावे. चूल, पाण्याचे भांडे, धान्याची पोती, अंथरुणे व पाळणा यांच्या जागा त्यांनीच नेमाव्यात. क्षेत्रफळाचा पाठ या निमित्ताने आपोआप होतो आणि चौरस फुटांचा आकडा म्हणजे कोणाचे तरी राहणे आहे, हे मुलांस समजते.

दुसऱ्या दिवशी वर्गात ग्रामसभा भरवावी. गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा आहे; तरी गावाचे म्हणणे मांडण्याचे ठिकाण ग्रामसभा हेच होय. तिच्यात गावचा प्रत्येक मतदार बसू शकतो, आणि नियमित सभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. यास्तव स्त्रियांचे म्हणणे आधी ऐकावे. त्यानंतर शेतमालक, भूमिहीन मजूर, गुराखी, दुकानदार व वनरक्षक यांची बाजू मुलांनी मांडावी. प्रत्येकाने आपल्या आधीच्या वक्त्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगूनच पुढे बोलावे, असा नियम घालावा.

शिक्षकांस सूचना

ज्या मुलाचे घर अतिक्रमणात अथवा भाड्याचे आहे, त्याला त्याच्याच घरची भूमिका देऊ नये. वस्त्यांची नावे घेऊन कोणाची जात सूचित होईल असे उदाहरणही देऊ नये. जुन्या गावांतील वस्त्या जातवार होत्या. नवी वस्ती तशी असण्याचे कारण नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगावे. भूकंपात माणसे गमावलेल्या घरांतील मुले वर्गात असू शकतात, हे ध्यानी ठेवून त्या प्रसंगाचे वर्णन संयमाने करावे. शेवटी मत घ्यावे, परंतु शिक्षकांनी आपले मत देऊ नये.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील सर्वांत जुनी वस्ती तेथेच का बसली असावी? वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.
२. आपल्या घरापासून पाणी, शाळा व शेत किती अंतरावर आहे? पावलांनी मोजा.
३. आजच्या सभेत ज्याचे मत पटले नाही, त्याचा सर्वांत चांगला मुद्दा कोणता?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गातील बहुतेक मुलांस लिहिता येईल, तेथे हा पाठ साधला असे समजावे.