रिकाम्या कोठडीतला पहारेकरी

नरसंहारावरील अनुबोधपटांत रिथी पान्ह यांचा ‘एस-२१’ (२००३) मला विशेष वाटतो. नोम पेन्हमधील तुओल स्लेंग ही मूळची शाळा. ख्मेर रूज राजवटीत (१९७५-७९) तिचा तुरुंग झाला. पोल पॉटची चित्रे काढता येत म्हणून वाचलेले चित्रकार वान नाथ (ते २०११ साली वारले) तेथेच जुन्या पहारेकऱ्यांना जाब विचारतात. उत्तरे ठरलेली: वरचा हुकूम होता, जिवाची भीती होती. पण एक पहारेकरी रिकाम्या कोठडीत आपले रोजचे काम करून दाखवू लागतो, नसलेल्या कैद्यांवर खेकसतो. जिभेने टाळलेले हातापायांना आठवते! कॅमेरा दाराशीच थांबतो. जणू आत गेला तर जमिनीवरच्या कैद्यांवर पाय पडेल. हा संकोच मला कोणत्याही निषेधाहून मोलाचा वाटतो. पहारेकरी स्वतःलाही बळी म्हणवतात, तेव्हा नाथ विचारतात, मग आम्ही कैदी कोण?