आधी ओळखा, मग मोजा

(कोनांची नावे आपण गणिताच्या तासाला पाठ करतो. पण ही नावे शिकायची कशासाठी? आपल्या अवतीभवतीचे कोन ओळखता आले तर त्याचा काय उपयोग होतो? या प्रश्नांची उत्तरे या पाठात दिली आहेत.)



गणिताच्या पुस्तकात तुम्ही ज्याला 'जाविया' म्हणता, त्याला मराठीत 'कोन' म्हणतात. जाविया म्हणजे कोपरा. उर्दूत कोपऱ्याला 'कोना' असेही म्हणतात. म्हणजे हा मराठी शब्द तुम्हांला अगदीच परका नाही.

दोन रेषा एका बिंदूतून निघाल्या की कोन तयार होतो. त्या बिंदूला शिरोबिंदू म्हणतात आणि त्या दोन रेषांना कोनाच्या भुजा म्हणतात. तुमच्या घरी सुपारी कातरण्याचा अडकित्ता असेल. त्याला तुम्ही सरौता म्हणता. तो उघडून पाहा. दोन दांडे जिथे जोडलेले आहेत, तो झाला शिरोबिंदू. दांडे झाल्या भुजा. दांडे जवळ आणले की कोन लहान होतो. दांडे फाकवले की कोन मोठा होतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुष्कळ मुलांना वाटते, की भुजा लांब असल्या म्हणजे कोन मोठा असतो. हे बरोबर नाही. मोठा अडकित्ता थोडासा उघडला आणि लहान अडकित्ता पुष्कळ उघडला, तर कोणाचा कोन मोठा? लहान अडकित्त्याचा! भुजांची लांबी म्हणजे कोनाचे माप नव्हे. भुजा किती फाकल्या आहेत, हे कोनाचे माप. ते आपण अंशांत सांगतो. एक पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश.

आता आपण थोडा फेरफटका मारू या. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी नावाचे तालुक्याचे गाव आहे. वाघाडी नदीच्या काठी वसलेले हे गाव. भोवती काळी जमीन आणि कापसाची शेती.

चला, आधी शेतात जाऊ. विदर्भात सरकी हाताने मातीत खोचण्याला 'टोबणे' म्हणतात. सरकी टोबण्याआधी काही शेतकरी शेतात उभ्या आणि आडव्या रेघा पाडतात. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे फुली पडते. त्या फुलीवर सरकी टोबतात. फुली सरळ पडली, की झाडांमध्ये चारही बाजूंना सारखे अंतर राहते. मग तण काढण्यासाठी बैलांचा डवरा उभाही चालतो आणि आडवाही चालतो. या फुलीत चार कोन आहेत आणि चारही सारखे आहेत. पूर्ण फेरीचे ३६० अंश चौघांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ९० अंश येतात. ९० अंशांच्या कोनाला काटकोन म्हणतात. उर्दूत त्याला 'कायमा जाविया' म्हणतात. कायम म्हणजे उभा असलेला, स्थिर. 'कायम' हा शब्द मराठी माणूसही रोज वापरतो.

शेतातून गावात येऊ. वाटेत कोणी लाकूड फोडत असेल, तर त्याच्या कुऱ्हाडीचे पाते बाजूने पाहा. पात्याच्या दोन बाजू धारेपाशी एकत्र येतात. तो कोन अगदी अरुंद असतो, म्हणून तर कुऱ्हाड लाकडात शिरते. काटकोनापेक्षा लहान असलेला हा कोन म्हणजे लघुकोन. उर्दूत त्याला 'हाद्दा जाविया' म्हणतात. हाद्दा म्हणजे तीक्ष्ण. धारेला किती शोभणारे नाव आहे, पाहा!

पुढे एखादे जुने कवेलूचे घर दिसेल. कौलांना विदर्भात कवेलू म्हणतात. छपराचे दोन उतार वर आढ्यापाशी मिळतात. तिथला आतला कोन बहुधा काटकोनापेक्षा मोठा असतो. उतार फारच उभे केले, तर कवेलू खाली सरकतील. उतार फारच आडवे केले, तर पावसाचे पाणी आत झिरपेल. म्हणून कारागीर मधला मार्ग धरतो. ९० अंशांपेक्षा मोठा आणि १८० अंशांपेक्षा लहान असा हा कोन म्हणजे विशालकोन. उर्दूत 'मुनफरिजा जाविया', म्हणजे फाकलेला कोन.

दोन्ही भुजा एकमेकींच्या विरुद्ध दिशांना गेल्या आणि एका सरळ रेषेत आल्या, तर होतो सरळकोन. तो १८० अंशांचा. सकाळी सहा वाजता घड्याळाचे काटे पाहा, सरळकोन दिसेल. १८० अंशांपेक्षा मोठा आणि ३६० अंशांपेक्षा लहान तो प्रविशालकोन. पूर्ण फेरी झाली, की पूर्णकोन. आणि बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक येतात, तेव्हा होतो शून्यकोन.

झाली नावे. पण आपला प्रश्न अजून बाकीच आहे. ही नावे कशासाठी?

तुमच्या कंपासपेटीतील कोनमापक बाहेर काढा. त्यावर अंकांच्या दोन ओळी आहेत. एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि दुसरी उजवीकडून डावीकडे येते. जिथे एका ओळीत ६० लिहिलेले आहे, तिथेच दुसऱ्या ओळीत १२० लिहिलेले आहे. घाईत असलेला मुलगा चुकीची ओळ वाचतो. समोर कोन आहे ६० अंशांचा आणि वहीत लिहितो १२०! त्याने मोजले, पण पाहिले नाही. त्याने आधी एवढेच स्वतःला विचारले असते, की हा कोन काटकोनापेक्षा लहान आहे की मोठा, तर ही चूक झालीच नसती. लघुकोन १२० अंशांचा कसा असेल? म्हणजे कोनाचे नाव ही मोजमापाची राखण आहे. म्हणून आधी ओळखा, मग मोजा.

ओळखण्यासाठी एक सोपे साधन आहे. त्याला पैसा लागत नाही. कसाही फाटलेला कागदाचा एक तुकडा घ्या. त्याला एक घडी घाला. घडीची कड सरळ रेषेत येते. आता ती कड तिच्यावरच बरोबर बसेल, अशी दुसरी घडी घाला. कोपऱ्यात जो कोन तयार झाला, तो काटकोन! गवंडी आणि सुतार काटकोन तपासण्यासाठी जो गुण्या वापरतात, त्याचेच काम हा कागद करतो. त्याच काटकोनाच्या दोन कडा एकमेकींवर आणून आणखी एक घडी घाला, की ४५ अंशांचा लघुकोन तयार.

या कागदी गुण्याने नदीचे पात्रही मोजता येते, आणि तेही पाण्यात पाय न घालता! समजा, वाघाडीच्या पैलतीरावर अगदी काठाला एक झाड आहे. तुम्ही अलीकडच्या काठावर त्या झाडासमोर अशा जागी उभे राहा, की काठाची रेषा आणि झाडाकडे जाणारी रेषा यांच्यात काटकोन होईल. तिथे खूण करा. मग काठाने सरळ चालू लागा. काठ आणि झाड यांच्यातील कोन हळूहळू लहान होत जाईल. तो ४५ अंशांचा झाला, की थांबा. खुणेपासून तुम्ही जितके चाललात, तितकेच नदीचे पात्र रुंद! असे का होते? त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. एक कोन ९० अंशांचा, दुसरा ४५ अंशांचा, म्हणजे तिसराही ४५ अंशांचाच. दोन कोन सारखे असले, की त्यांच्या समोरच्या बाजूही सारख्या असतात. हा प्रयोग मात्र नदीवर न करता शाळेच्या मैदानावर करा. नदीऐवजी चुन्याच्या दोन रेघा आखल्या तरी चालेल.

हीच युक्ती वापरून दोनशे वर्षांपूर्वी आपला सारा देश मोजला गेला. ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

१८०२ साली विल्यम लँबटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईजवळ, सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक रेषा साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजली. त्या रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेकडे पाहून कोन मोजले. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते वर्षानुवर्षे पुढे गेले. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. त्याची अंशांच्या खुणा असलेली चकती तीन फूट व्यासाची होती.

१८०८ साली तंजावर येथे हे यंत्र एका देवळाच्या उंच शिखरावर चढवत होते. तेवढ्यात ते भिंतीवर आदळले आणि चकती वाकली. एवढे यंत्र बिघडले, तर पुढचे सारे कोन चुकणार! लँबटन आपल्या तंबूत बसले आणि सुमारे सहा आठवडे खपून त्यांनी चकती पुन्हा पूर्ववत केली. इतकी मेहनत कशासाठी? जरा हिशेब करा. कोन मोजताना एका अंशाची चूक झाली, तर एक किलोमीटर अंतरावर आपण सुमारे साडेसतरा मीटर बाजूला सरकतो. पन्नास किलोमीटरवर तीच चूक पाऊण किलोमीटरहूनही मोठी होते. कोनातली चूक लहान दिसते, पण जसजसे दूर जावे, तसतशी ती वाढत जाते.

म्हणून हे लोक त्रिकोणाचे दोन कोन मोजून थांबत नसत. शक्य तिथे तिसराही कोन मोजत आणि पहिल्या दोन कोनांची परीक्षा घेत. तुम्ही गणिताचा ताळा करून पाहता, तसाच हा ताळा.

त्रिकोणांची ही माळ ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली. नकाशा उघडून पाहा. आपली घाटंजीही याच रेखांशाजवळ आहे. घाटंजीच्या ईशान्येला वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट आहे. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये लँबटन हिंगणघाट येथे मरण पावले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

हे काम केवळ इंग्रज अधिकाऱ्यांचे नव्हते. झेंडे धरणारे, डोंगरावर ओझी वाहणारे, आकडेमोड करणारे असे असंख्य भारतीय त्यात होते. त्यांपैकी एक होते अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. घड्याळांच्या नाजूक कामात त्यांचा हात बसलेला होता. एव्हरेस्ट यांनी त्यांचे कसब ओळखले. कोन मोजणारी यंत्रे दुरुस्त करण्याचे अवघड काम ते करू लागले आणि १८४० नंतरच्या काळात ते सर्वेक्षण खात्याचे यंत्रकार झाले. यंत्र अचूक, तर कोन अचूक. कोन अचूक, तर नकाशा अचूक. देशाच्या नकाशामागे अशा हातांची मेहनत आहे.

मित्रांनो, शेताच्या धुऱ्याची मोजणी असो, घराचा पाया असो किंवा वहीतील त्रिकोण असो, कोन सगळीकडे सारखाच वागतो. तुम्ही त्याला कायमा जाविया म्हणा किंवा काटकोन म्हणा, तो ९० अंशांचाच राहतो. उद्या वर्गात कोनमापक हातात घ्याल, तेव्हा आधी क्षणभर थांबा. कोनाकडे नीट पाहा. त्याला नावाने ओळखा. आणि मगच अंक वाचा.

शब्दार्थ

फेरफटका मारणे – फिरून येणे
सरकी – कापसाचे बी
डवरा – पिकातील तण काढण्याचे अवजार
आढे – छपराच्या मधोमध असलेले आडवे लाकूड
गुण्या – काटकोन तपासण्याचे साधन
पैलतीर – पलीकडचा काठ
ताळा – उत्तर बरोबर आहे का, ते तपासणे
हात बसणे – सरावाने काम चांगले जमणे
धुरा – शेताचा बांध

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) कोनाच्या दोन भुजा जिथे मिळतात, त्या बिंदूला काय म्हणतात?
(२) 'हाद्दा जाविया' या नावाचा अर्थ काय?
(३) लँबटन यांची कबर कोठे आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) शेतातील फुली काटकोनात पडल्याने शेतकऱ्याला कोणता फायदा होतो?
(२) कोनमापक वाचताना कोणती चूक होते? ती कशी टाळता येईल?
(३) त्रिकोणाचा तिसरा कोनही का मोजत असत?

प्र. ३. जोड्या जुळवा.
'अ' गट: (१) काटकोन (२) लघुकोन (३) विशालकोन
'ब' गट: (अ) मुनफरिजा जाविया (आ) कायमा जाविया (इ) हाद्दा जाविया

प्र. ४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
हात बसणे, ताळा करणे, फेरफटका मारणे

उपक्रम : कागदी गुण्या तयार करा. तुमच्या घरातील पाच कोन त्याने तपासा. प्रत्येक कोनाचे मराठी आणि उर्दू नाव वहीत लिहा.