सदाफुली आणि मज्जातंतूंतील सूक्ष्मनलिका

नांदेड-लातूरकडे सदाफुलीचें झाड ज्यानें पाहिलें नाहीं असा विद्यार्थी मिळणें कठीण. पाणी घाला वा न घाला, अंगणाच्या कोपऱ्यांत तें बारमास फुललेलें असतें. या साध्या झाडापासून व्हिन्क्रिस्टीन नांवाचें द्रव्य मिळतें. १९६३ सालीं अमेरिकेंत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर तें आजहि देतात. परंतु औषध चालू असतां कांहीं रोग्यांच्या बोटांना मुंग्या येतात, पाऊल उचलतां उचलत नाहीं. रोग रक्ताचा, औषधहि रक्तांतच दिलेलें. मग बधिरता पायाच्या बोटांत कां यावी?

या प्रश्नाचें उत्तर मज्जापेशीच्या विलक्षण आकारांत आहे. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत राहणाऱ्या एखाद्या पेशीचा तंतु मोठ्या माणसांत पायाच्या पंजापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब असतो. पेशीचा गाभा मात्र मिलिमीटराच्या दहाव्या भागाएवढाहि क्वचितच. खोली नांदेडास आणि तिचा बोळ लातुरापर्यंत, अशी कल्पना करावी! तंतूस लागणारीं बहुतेक प्रथिनें त्या खोलींत तयार होतात. तीं टोंकापर्यंत नेण्यासाठीं तंतूच्या आंत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात.

सूक्ष्मनलिका म्हणजे सुमारें २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. अशा ४०,००० नळ्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या तेव्हां एक मिलिमीटर भरेल. तिची भिंत ट्युब्युलिन नांवाच्या प्रथिनाची असते. त्याचे आल्फा व बीटा असे दोन मणी नेहमीं जोडीनें राहतात. एक आल्फा, एक बीटा, पुन्हां आल्फा, अशी माळ ओवावी, आणि अशा १३ माळा उभ्या धरून कडेस कडा जुळवावी, कीं नळी झाली. या माळा समपातळींत बसत नाहींत. प्रत्येक माळ शेजारणीहून किंचित् वर सरकलेली असते. त्यामुळें आडव्या ओळी जिन्याप्रमाणें चढतात व एका फेऱ्यांत तीन मणी वर येतात. म्हणून इतरत्र आल्फाशेजारीं आल्फा असला, तरी एका उभ्या रेषेवर आल्फास बीटा भेटतो. या रेषेस शिवण म्हणतात.

१३ हा आंकडाहि अढळ नव्हे. सी. एलेगन्स नांवाच्या बारीक कृमीच्या स्पर्शपेशींत १५ माळांच्या नळ्या आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेंत याच कृमीच्या तंतूंतील मालवाहतूक तो जिवंत असतांना पाहतात. नळीची पोकळी तरी रिकामी असेल असें वाटावें. पण मज्जापेशींतील नळ्यांच्या आंत बारीक कण दिसतात, आणि एमएपी-६ हें प्रथिन त्या पोकळींत राहतें असें २०२० सालीं आढळून आलें.

माझ्या मतें या रचनेंतील खरी खुबी अशी कीं, सर्व मण्यांचें तोंड एकाच दिशेस असतें. त्यामुळें रस्त्यास दिशा मिळते. जेथें बीटा उघडा तें धन टोंक, दुसरें ऋण. आणि मज्जातंतूंत जवळजवळ सर्व धन टोंकें गाभ्यापासून दूर रोखलेलीं असतात. १९८५ सालीं ओळखलेलें किनेसिन हें वाहक प्रथिन माल घेऊन धन टोंकाकडे चालतें. डायनीन उलट, गाभ्याकडे परततें. किनेसिनचें एक पाऊल ८ नॅनोमीटरांचें, म्हणजे नेमकें मण्यांच्या एका जोडीएवढें. एक मीटरास साडेबारा कोटी पावलें झालीं! एकच वाहक तीं सर्व टाकीत नाहीं. नळ्याहि तुकड्यातुकड्यांनीं असतात, व माल एकीवरून दुसरीवर जातो. तरीहि जलद माल दिवसास ४० सेंटिमीटरपर्यंत मजल मारतो.

आतां सदाफुलीकडे वळूं. व्हिन्क्रिस्टीन जोडी-जोडीच्या मध्यें शिरतें आणि माळ वाढूं देत नाहीं. पेशीचे दोन भाग होतांना गुणसूत्रें ओढून नेणाऱ्या दोऱ्या याच नळ्यांच्या असल्यामुळें कर्करोगाची पेशी विभागूं शकत नाहीं. पावसाळ्यांत कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वालेसारखी फुलणाऱ्या कळलावींतील कोल्चिसीन हें विष जोडीच्या आंत, आल्फा व बीटा यांच्या सांध्यांत, बसतें. तिचा कंद व बिया जीवघेण्या आहेत. लहान भावंडांना त्यांपासून दूर ठेवावें. सदाफुलीचीं पानेंहि घरीं औषध म्हणून खाऊं नयेत.

मज्जापेशी विभागत नाहीं हें खरें, पण तिचा रस्ता त्याच ट्युब्युलिनचा. औषध शत्रूचा व आपला असा भेद करीत नाहीं. रस्ता बिघडला कीं सर्वांत लांबचें गांव आधीं उपाशी पडतें. म्हणून मुंग्या प्रथम पायाच्या बोटांत येतात. अशा मुलास पुष्कळ वैद्य तपासणीच्या वेळीं टांचांवर चालून दाखवावयास सांगतात, आणि पाऊल लोंबूं लागलेलें दिसलें तर औषधाची मात्रा कमी करितात.