बाई, उपग्रह बिघडला तर दुरुस्त कोण करणार?



चौथीच्या वर्गात मी एकदा मुलांना सांगत होते की आपल्या महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी खरेखुरे उपग्रह बनवले आणि ते अवकाशात गेले. वर्गात एकदम शांतता. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, तो वर बिघडला तर दुरुस्त कोण करणार?" तिचे वडील मोटार-पंप दुरुस्तीचं काम करतात, त्यामुळे तिला सगळ्यात आधी तेच सुचलं. तास संपत आला होता. मी "नंतर सांगते" म्हणाले आणि फळा पुसला.

खरं सांगायचं तर मलाच उत्तर नीट माहीत नव्हतं. घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की विद्यार्थ्यांच्या उपग्रहाचा सगळा धडा त्या एका प्रश्नात आहे. तोच आज तुमच्यापुढे मांडते. शेवटी वर्गात करण्यासारख्या तीन कृतीही दिल्या आहेत.

आधी थोडी ओळख

भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. त्याचं वजन सुमारे ३६० किलो होतं. उपग्रह म्हणजे मोठी संस्था, मोठा पैसा, मोठे शास्त्रज्ञ असंच तेव्हा चित्र होतं. पुढे १९९९ च्या सुमारास अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना जमेल असं एक माप ठरवलं : १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा आणि वजन साधारण एक किलो. याला क्यूबसॅट म्हणतात. माप ठरलं आणि जगभरच्या कॉलेजांत उपग्रहाची कामं सुरू झाली.

आपल्याकडे चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा ४० किलोचा अनुसॅट २० एप्रिल २००९ ला गेला. त्यानंतर १२ जुलै २०१० ला कर्नाटक आणि हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी मिळून केलेला, एक किलोहून हलका स्टडसॅट गेला.

आणि २०१६ साली महाराष्ट्राचे दोन उपग्रह गेले. पुण्याच्या सीओईपी म्हणजे तेव्हाच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने गेला. त्या एका रॉकेटमध्ये एकूण २० उपग्रह होते. मुख्य उपग्रह सातशे किलोंच्या वर आणि आपला स्वयम् सुमारे ९९० ग्रॅम! तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ ला, आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा १० किलोचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी३५ ने गेला. आयआयटी म्हणजे पवई. आपल्या आंबिवली स्टेशनवरून गाडी बदलून कांजूरमार्गला उतरलं की तिथून जवळच. मुलांना हे आवर्जून सांगा. अवकाश लांब असलं तरी ते बनवणारी जागा लोकलच्या अंतरावर आहे.

हे उपग्रह काय करणार होते?

स्वयम्चं मुख्य काम होतं इंधन किंवा मोटार न वापरता स्वतःला अवकाशात नीट दिशेने स्थिर ठेवून दाखवणं. शिवाय रेडिओवरून संदेश घेऊन तो पोहोचवणं. त्यात एक स्थायी चुंबक होता. आपण वर्गात पट्टीचुंबक दोऱ्याला टांगतो, तो हलत हलत उत्तर-दक्षिण थांबतो. तेच तत्त्व. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार उपग्रह वळतो.

पण इथे एक गंमत आहे. वर्गातला चुंबक थांबतो तो हवेच्या आणि दोऱ्याच्या विरोधामुळे. अवकाशात ना हवा, ना दोरा. तिथे तो कितीतरी काळ हेलकावे खात राहील. म्हणून स्वयम्मध्ये खास मिश्रधातूच्या बारीक दांड्या बसवल्या होत्या. उपग्रह हलला की त्या दांड्यांचं चुंबकत्व सारखं उलटसुलट होतं, त्यात हलण्याची ऊर्जा थोडी थोडी उष्णता बनून संपते आणि हेलकावे कमी होतात. बटण नाही, बॅटरी नाही. बिघडायला काही नाहीच!

प्रथमचं काम वेगळं. पृथ्वीभोवती खूप उंचावर आयनांबर नावाचा थर आहे. तिथे मोकळे इलेक्ट्रॉन असतात. मोबाइलमधल्या जीपीएसचे संदेश या थरातून येताना थोडे रेंगाळतात आणि जागा दाखवण्यात चूक होते. ती चूक सुधारायची तर तिथे इलेक्ट्रॉन किती आहेत हे कळायला हवं. प्रथम वरून दोन वेगळ्या वारंवारितांच्या रेडिओलहरी सोडणार आणि त्या इलेक्ट्रॉनांमुळे किती वळल्या हे जमिनीवरची केंद्रं मोजणार, अशी योजना होती. अशी केंद्रं दुसऱ्या कॉलेजांतही उभारावीत हाही त्यांचा हेतू होता. म्हणजे ज्यांनी उपग्रह बनवला नाही त्यांनाही शिकायला मिळावं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे

दुरुस्त कोण करणार? कोणीच नाही. स्वयम् साधारण ५०० किलोमीटर उंचीवर गेला. तिथे मेकॅनिक पोहोचत नाही. त्यामुळे सगळी दुरुस्ती आधीच करावी लागते, बिघडण्याच्या आधी.

उड्डाणाच्या वेळी रॉकेट प्रचंड थरथरतं. म्हणून उपग्रह आधी जमिनीवरच यंत्रावर हलवून बघतात. वर हवा नसते, म्हणून हवा काढलेल्या पेटीत ठेवून गरम-थंड करून बघतात. एवढ्या उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारतो. त्यात बराचसा वेळ कडक ऊन आणि सुमारे अर्धा तास पृथ्वीची सावली. दिवसाला अशा १५ फेऱ्या. सावलीत सौरपट्ट्या वीज देत नाहीत, म्हणून बॅटरी पुरली पाहिजे. संगणक अडकला तर तो आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशीही सोय करतात, कारण वर जाऊन बटण दाबणारं कोणी नसतं.

या सगळ्याला वेळ लागतो. प्रथमचं काम २००७ साली आणि स्वयम्चं २००८ साली सुरू झालं. दोन्ही गेले २०१६ ला. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची! म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या आधीच पास होऊन बाहेर पडले होते. पुढच्या तुकडीने काम हातात घेतलं, मग त्याच्या पुढच्या.

इथे मी थांबले. कोणती तार कुठे जोडली, ती तशीच का जोडली, कोणती चाचणी फसली, हे मागच्यांनी लिहून ठेवलं नसतं तर पुढच्यांनी काय केलं असतं? पहिल्यापासून सुरुवात! उपग्रह वर गेला तो जितका सर्किटमुळे, तितकाच नीट लिहिलेल्या वह्यांमुळे. आणि आपण वर्गात "प्रयोग केला, आता निरीक्षण लिहा" म्हटलं की मुलं कंटाळतात, आपणही घाईने उरकतो.

पालकांचा प्रश्न

पालकसभेत एका पालकांनी विचारलं, "बाई, हे रॉकेटचं आमच्या पोरांच्या काय कामाचं? ती काय आयआयटीत जाणार आहेत का?" मला राग आला नाही. आपल्या मोहने परिसरात कारखाना बंद पडल्यावर घरं कशी चालली हे आपण पाहिलंय. पालकांना पोराच्या हाताला पक्कं काम हवंय, आणि ते बरोबरच आहे.

मी एवढंच म्हणाले, दादा, उपग्रहाच्या टीममध्ये एकटा हुशार मुलगा चालत नाही. एकाला पत्रा मिलिमीटरमध्ये कापता यावा लागतो, एकाला डाग न सोडता सोल्डरिंग जमावं लागतं, एकाला प्रोग्राम लिहिता, तर एकाला हिशोब ठेवता आला पाहिजे. आणि सगळ्यांना आपलं काम दुसऱ्याला समजेल असं लिहिता आलं पाहिजे. हे ज्याला येतं, त्याला उपग्रह नाही मिळाला तरी काम मिळतं. सगळी मुलं तिथे पोहोचतील असं मी म्हणणार नाही. पण "ते आपलं नाही" असं नऊ वर्षांच्या मुलाला आपणच सांगून टाकायचं का?

अपयशही सांगा. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींच्या सहभागातून 'आझादीसॅट' तयार झाला. ७ ऑगस्ट २०२२ ला रॉकेटने तो चुकीच्या कक्षेत सोडला आणि उपग्रह हातचा गेला. मुलींची त्यात काहीच चूक नव्हती. पुन्हा तयारी झाली आणि १० फेब्रुवारी २०२३ ला 'आझादीसॅट-२' नीट कक्षेत पोहोचला.

वर्गासाठी तीन कृती

कृती १ : एक किलोचा उपग्रह. पुठ्ठ्यावर १० सेंमी बाजूच्या सहा चौरसांची घडणी काढून ठोकळा बनवा. आकारमान १० × १० × १० = १००० घनसेंमी, म्हणजे एक लिटर. आता गटाने त्यात बॅटरी, जुना मोबाइल, चुंबक, तारा बसवायच्या. दुकानाच्या काट्यावर वजन करा. एक किलोच्या वर गेलं तर काय काढायचं हे गटाने ठरवायचं आणि कारण सांगायचं. भांडणं होतील, होऊ द्या. शिकणं तिथेच आहे.

कृती २ : टांगलेला चुंबक. पट्टीचुंबक दोऱ्याने टांगून हेलकावे मोजा. मग विचारा, हवा आणि दोरा नसता तर? उत्तर लगेच सांगू नका. जवळ लोखंडी कपाट नको, दिशा चुकते.

कृती ३ : अर्धवट काम. एका गटाने काड्या आणि माचिसच्या पेट्यांची वस्तू अर्धी बनवायची आणि पुढचं काम फक्त कागदावर लिहायचं. दुसऱ्या गटाने तो कागद वाचून ती पूर्ण करायची. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. माझ्या वर्गात पहिल्या वेळी पाचपैकी चार गट फसले. "इथे ते लावा" असं लिहिलं होतं. इथे म्हणजे कुठे, ते म्हणजे काय? दुसऱ्या वेळी मुलांनी स्वतःहून आकृती काढली, मापं लिहिली, बाजूंना नावं दिली. भाषेचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

गणितासाठी एक उदाहरण : स्वयम्च्या उंचीवर उपग्रहाचा वेग सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर असतो. तर १५० किलोमीटर जायला किती सेकंद? (सुमारे २०.) आंबिवली ते कल्याण अंतर एका सेकंदात पार होतं म्हटल्यावर वर्गात जो आवाज झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आठ दिवस उशिरा. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे बाई, आधीच नीट करायचं आणि लिहून ठेवायचं." हो बाळा, एवढंच.

तुम्ही यातली एखादी कृती घेतलीत तर काय फसलं ते नक्की कळवा. जमलेलं सगळेच सांगतात, फसलेलं कळलं तर पुढच्याचं काम सोपं होतं.